गेम डिझाइन: बंगळुरूची १५ लाखांची संस्था की गोव्यातच बीसीए?

केपेकार (प्रश्न)

पुतण्या यंदा बारावी विज्ञान झाला, गोवा बोर्ड, ७२ टक्के. गेम डिझाइनच करायचं म्हणतो. बंगळुरूची एक खासगी संस्था ३ वर्षांचे १५ लाख सांगते, राहणं-जेवण वेगळं. दुसरा पर्याय म्हणजे गोवा विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात बीसीए. तिन्ही वर्षांची फी मिळून लाखभर, आणि घरून कदंबाच्या बसने ये-जा. संस्थेच्या माहितीपत्रकावर '१०० टक्के प्लेसमेंट' असं छापलंय. भाऊ कर्ज काढायला तयार आहे. घरात यातलं कोणालाच कळत नाही. आजी तर 'गेमिंग' म्हणजे मांडवीतल्या कॅसिनो बोटीच समजते. पोराकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे आणि त्यावर गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) उड्या मारायचा एक छोटा गेम केलाय. ठरवायचं कसं?

ग्रेबॉक्स

आधी त्याला नेमकं काय करायचंय ते विचारा, कारण या एका पाटीमागे तीन निराळे धंदे आहेत. त्याच्या उड्यांच्या गेमवरूनच बघा. कड्यावरून पाय सुटला तरी पुढे ०.१ सेकंद उडीचं बटण चालू ठेवायचं, हे ठरवतो डिझायनर. (याला कोयोटी टाइम म्हणतात. तो नसला की खेळणारा 'दाबलं होतं मी!' म्हणून ओरडतो.) ते कोडमध्ये बसवतो प्रोग्रामर. उडताना गुडघे कसे दुमडतात ते बघतो अ‍ॅनिमेटर.

प्रोग्रामर व्हायचं असेल तर बीसीए पुरे. डेटा स्ट्रक्चर्स (माहिती साठवायच्या रचना) तिथे शिकवतातच. व्हेक्टर, मॅट्रिक्सचं गणित आणि सी++ मात्र स्वतः पक्कं करावं लागेल. चित्रकलेकडे ओढा असेल तर बीसीएत तीन वर्षं फुकट जातील. त्यापेक्षा पणजीतल्या आल्तिनोवरचं कला महाविद्यालय बघा, नाहीतर आयआयटी मुंबई घेते ती यूसीड परीक्षा देऊन बी.डेस. (डिझाइनची पदवी). आणि निव्वळ डिझायनर म्हणून नवख्याला कोणी सहसा घेत नाही. माणसं त्या खुर्चीत टेस्टिंगमधून, लेव्हल डिझाइनमधून किंवा प्रोग्रामिंगमधून सरकतात.

आता १५ लाखांत मिळतं काय? सॉफ्टवेअर तर नव्हे. गोडो आणि थ्रीडीचं ब्लेंडर फुकट. अनरियल आणि युनिटी हीही गेम बनवायचीच सॉफ्टवेअर. अनरियलला एका गेमची एकूण विक्री १० लाख डॉलरच्या वर जाईपर्यंत रॉयल्टी नाही. युनिटीची पर्सनल आवृत्ती वर्षाला २ लाख डॉलर उत्पन्नापर्यंत चालते. संस्था विकते त्या गोष्टी दोनच: प्रोग्रामर-आर्टिस्ट-डिझायनर यांची एकत्र राबणारी टोळी, आणि चुका दाखवणारा जाणकार. या दोन्ही खऱ्या आहेत का तेवढंच तपासा. दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीचा शेवटच्या वर्षाचा गेम मागा. व्हिडिओ नको, खेळता येईल असा बिल्ड हवा. व्हिडिओत सगळंच सुरळीत दिसतं. शिकवणाऱ्यांची नावं मोबीगेम्सच्या साइटवर टाकून बघा, बाजारात आलेल्या गेमच्या श्रेयनामावलीत ती आहेत का ते तिथे कळतं.

प्लेसमेंटची यादी मागाल तेव्हा कंपनीसोबत पदही विचारा. आणि ती यादी कधीची आहे हे नक्की बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांवर खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राने कायद्याने बंदी आणली. रमी आणि फँटसी क्रिकेटवाल्या कंपन्यांतल्या जुन्या नोकऱ्यांनी भरलेली यादी आज रद्दी आहे.

खतावणी

पैशांचं कोणीतरी बोलायला हवं. समजा १५ लाख कर्ज, दर १०.५ टक्के, दरवर्षी ५ लाख उचलले. शिक्षणाची ३ वर्षं आणि पुढची १ वर्षाची सवलत, या काळात हप्ता नसतो. व्याज मात्र चढतच असतं. सरळव्याजाने ते सुमारे ४ लाख ७२ हजार होतं. ते मधे भरलं नाही तर परतफेड १९ लाख ७२ हजारांवर सुरू होते. १० वर्षांच्या मुदतीला महिना साधारण २६,६०० रुपये हप्ता, एकूण ३२ लाखांच्या घरात. व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेलात तर हप्ता २०,२०० च्या आसपास राहतो. बंगळुरूत भाडं देऊन नवख्या पगारातून यातला कुठला झेपेल ते भावाला कागदावर मांडायला सांगा. आणि साडेसात लाखांच्या वर बँक बहुधा तारण मागते, म्हणजे घराची कागदपत्रं.

दुसरं, शेवटी हातात पडतं ते काय, डिप्लोमा की पदवी? पदवी असेल तर देणारं विद्यापीठ कोणतं, ते यूजीसीच्या यादीत सापडतं का? 'आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र' या शब्दांवर पुढे एमसीएला प्रवेश मिळत नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आहे, पण हा अभ्यासक्रम तीत बसतो का हे महामंडळाच्याच खिडकीवर विचारा. संस्थेचा एजंट 'बसतो हो' म्हणणारच.

लो_पॉली

प्रोग्रामिंगपुरतं वरचं सगळं मान्य. थ्रीडी आर्टला मात्र हा हिशेब तसाच लावू नका. मॉडेलची टोपॉलॉजी (पृष्ठभागाच्या जाळीची मांडणी) चुकली की कोपर वाकवताना जाळी चुरगळते, आणि का चुरगळली हे व्हिडिओ बघून उमगत नाही. शेजारी बसून दाखवणारा लागतो. तिथे चांगल्या संस्थेचं एक वर्ष घरच्या तीन वर्षांचं काम करतं. पण वर्ष म्हणतोय मी. कला महाविद्यालय करून मग एक वर्षाचा कोर्स, हा रस्ता स्वस्तही पडतो.

केपेकार

विचारलं त्याला. चित्रं काढायचा कंटाळा, कोडमध्ये मात्र रात्र रात्र रमतो. बीसीए घेतलं तर सोबत काय करावं? लॅपटॉप बदलावा लागेल?

ग्रेबॉक्स

लॅपटॉप आत्ता राहू दे. गोडोतल्या टूडीला ८ जीबी पुरतात. अनरियलकडे वळेल तेव्हा ३२ जीबी रॅम आणि ८ जीबीचं ग्राफिक कार्ड असलेला डेस्कटॉप घ्या, तोही दुसऱ्या वर्षी. सोबत यूपीएस हवाच. पावसात वीज किती वेळा जाते-येते ते केप्यात राहून तुम्हाला सांगायला नको, आणि सेव्ह होताना गेली तर सीनची फाइल अर्धवट राहते.

पहिल्या वर्षी चार छोटे गेम, पण पुरे केलेले: सुरुवातीचा पडदा, पॉज, आवाज कमी-जास्त, बाहेर पडायचं बटण. बरीच पोरं इथेच गळतात. ते इच.आयओ या गेमच्या साइटवर फुकट चढवता येतात. गोडो ४ मध्ये सी-शार्पने लिहिलेला गेम वेबसाठी निघत नाही, तेव्हा गोडोची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्टच धरावी. एक चूक हमखास होते: 'दर फ्रेमला ५ पिक्सेल सरकव' असं लिहितात. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० फ्रेम) पडद्यावर सेकंदाला ३००, स्टुडिओतल्या १४४ हर्ट्झवर ७२०, म्हणजे मुलाखतीत गेम जवळपास अडीचपट पळतो. वेग सेकंदात मांडून डेल्टाने (मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ) गुणायचं.

टोळी कॉलेजात मिळणार नाही, ती जमवावी लागेल. जानेवारीअखेर ग्लोबल गेम जॅम (ठरावीक वेळात टोळीने गेम बनवायचा मेळावा) असते, बहुतेक ठिकाणी ४८ तासांची, तिथे एखादा आर्टिस्ट गाठायचा. पहिल्याच दिवशी गिट (कोडचे बदल नोंदवून ठेवणारं साधन) लावा. गिटचं काम ऑनलाइन ठेवायची साइट गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाही, मोठ्या फाइलींना एलएफएस ही गिटची जोड लागते. युनिटी वापरली तर लायब्ररी फोल्डर गिटबाहेर ठेवा, तो प्रत्येकाच्या मशीनवर आपोआप तयार होतो, गिटमध्ये गेला तर पसारा आणि विनाकारण गोंधळ होतो.

प्ले स्टोअरचं खातं एकदाच २५ डॉलर, पण नवीन वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणी करावी लागते. वाड्यावरची क्रिकेट टीम कामाला लावा. ते खेळत असताना याने मागे उभं राहून तोंड बंद ठेवायचं आणि कोण कुठे अडकतो ते वहीत टिपायचं. ती वही मुलाखतीला न्यावी.

केपेकार

मोबीगेम्सवर पाच शिक्षकांची नावं टाकली, एक सापडलं. जुन्या तुकडीचा बिल्ड मागितला तर त्यांनी पुन्हा व्हिडिओच पाठवला. बीसीएचा फॉर्म भरतोय.