मदत हवी आहे: जुन्या गोल्फचे ब्रेक मोठे करताना चार बोल्टवरून पाच बोल्टवर जावे का?

जाणकारांना नमस्कार.

माझ्याकडे दुसऱ्या पिढीची, १९८९ सालची फोक्सवॅगन गोल्फ आहे. मूळ आठ व्हॉल्व्हचे १.८ लिटर इंजिन काढून मी तिच्यात त्याच क्षमतेचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन बसवले आहे आणि तेव्हापासून ब्रेक हा माझ्या काळजीचा विषय झाला आहे. पुढे २३९ मिमी व्यासाच्या आणि १२ मिमी जाडीच्या भरीव डिस्क आहेत, मागे १८० मिमीचे ड्रम आहेत आणि चाके १०० मिमी पीसीडीवर (म्हणजे बोल्टची छिद्रे ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) चार-चार बोल्टने बसतात. अपघातात निकामी झालेल्या तिसऱ्या पिढीच्या, सहा सिलिंडरच्या गोल्फचा जवळजवळ पूर्ण संच मला मिळाला आहे. त्यात पुढच्या २८० मिमीच्या हवेशीर डिस्क, ५४ मिमी पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे), नकल (स्टिअरिंगबरोबर वळणारा, हब धरणारा भाग), हब (चाक ज्यावर बोल्टने बसते तो भाग), लोअर आर्म, बाहेरचे सीव्ही जॉइंट (ड्राइव्ह शाफ्टचे सांधे), टाय रॉड (स्टिअरिंगचे दांडे), मागच्या २२६ मिमीच्या डिस्क, त्यांचे स्टब ॲक्सल (मागचे चाक ज्यावर फिरते ते आखूड आस) आणि पाच बोल्टची १५ इंची चाके एवढे आहे. हा संच बसवून गाडी पाच बोल्टवर न्यावी, की चार बोल्ट कायम ठेवून सोळा व्हॉल्व्हच्या गोल्फला कारखान्यातून येत असलेल्या २५६ मिमीच्या हवेशीर डिस्कवर थांबावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

हा प्रश्न कुठून आला ते आधी सांगतो, कारण त्यावरच उत्तर अवलंबून आहे. चार माणसे आणि सामान घेऊन एक लांब डोंगरउतार उतरत असताना, निम्मा उतार संपल्यावर, ब्रेक धरेनासे झाले. पेडल खाली जात नव्हते, उलट पायाला दगडासारखे कडक लागत होते. पण कितीही जोर दिला तरी गाडीचा वेग हवा तसा कमी होत नव्हता. गिअर दुसऱ्यावर आणून मी गाडी कडेला घेतली. उजव्या चाकाच्या जाळीतून पातळ धूर येत होता, आणि निवल्यावर चाक काढून पाहिले तेव्हा डिस्कवर जांभळट-निळे पट्टे उमटले होते. ब्रेक ऑइल उकळले असते तर पेडल मऊ पडून खाली गेले असते. ते कडक राहिले, म्हणजे पॅडनीच तापून पकड सोडली, असा निष्कर्ष मी काढला आहे. तो चुकत असेल तर कृपया इथेच मला थांबवा.

त्यानंतर नवे पॅड टाकले, रबरी होज बदलले, कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून त्यांना ग्रीस लावले आणि संपूर्ण ब्रेक ऑइल काढून डॉट ४ दर्जाचे नवे ऑइल भरले. (डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो आणि पाणी शोषल्यावर किमान १५५. जुने ऑइल वर्षानुवर्षे तसेच ठेवणाऱ्यांनी हे दोन आकडे जरूर लक्षात घ्यावेत.) फरक निश्चित पडला, पण लांब उताराच्या शेवटी तोच अशक्तपणा पुन्हा जाणवतो. माणसांसह सुमारे १,३०० किलोची गाडी ताशी १०० किमी वेगावरून एकदा थांबवताना साधारण ५०० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते, आणि ताशी १४० वरून थांबवताना जवळजवळ दुप्पट. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कना गिळावा लागतो. १२ मिमीच्या भरीव डिस्ककडून याहून अधिक अपेक्षा ठेवणे मला रास्त वाटत नाही, त्यामुळे डिस्क मोठ्या आणि हवेशीर करायच्या हे ठरलेले आहे.

बोल्टची संख्या वाढल्याने ब्रेक सुधारत नाहीत, याची मला जाणीव आहे. पाच बोल्टचा विचार केवळ मिळालेल्या संचामुळे आणि त्या मापाच्या डिस्क व चाके अधिक सहज मिळतात म्हणून आहे. पीसीडी मी स्वतः मोजली आहे. चार बोल्टमध्ये समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधले अंतर घेतले की काम होते, पण पाचमध्ये कोणत्याही छिद्रासमोर छिद्र येत नाही. म्हणून चाक गोधडीवर पालथे ठेवून शेजारच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधले अंतर व्हर्निअरने तीनदा मोजले. ते ५८.८ मिमी आले, आणि त्याला १.७०१ ने गुणल्यावर १०० मिमी येतात. मधले भोक दोन्ही चाकांना ५७.१ मिमीचे आहे. हबचे बोल्ट मात्र वेगळे आहेत: माझ्या गाडीला १२ मिमीचे, तर नव्या हबला १४ मिमीचे, दोन्हींच्या आट्यांची पिच १.५. बोल्टच्या डोक्याखालची बैठक दोन्हीकडे गोलसर आहे, परंतु तिची त्रिज्या १४ मिमीच्या बोल्टला मोठी आहे. शंकूच्या बैठकीचा बोल्ट गोल बैठकीत घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात एका बारीक कडेवर टेकतो, म्हणून नवे बोल्ट मी चाकासोबतचेच वापरणार आहे.

चार बोल्टचे हब ठेवून हब आणि पाच बोल्टचे चाक यांच्यामध्ये जाडजूड ॲडॅप्टर लावण्याचा सल्ला मला दोन जणांनी दिला. तो मी नाकारला आहे, आणि माझे कारण बरोबर आहे का ते तपासून हवे आहे. या गाडीचे ब्रेक कर्णरेषेत विभागलेले आहेत: पुढचे उजवे आणि मागचे डावे चाक एका सर्किटवर (ब्रेक ऑइलच्या स्वतंत्र नळीमार्गावर), उरलेली दोन दुसऱ्यावर. एक सर्किट निकामी झाले तर पुढचे एकच चाक ब्रेक धरते आणि गाडी त्या बाजूला ओढली जायला हवी. ती फारशी ओढली जात नाही, कारण स्टिअरिंगचा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला टायरच्या मध्यरेषेच्या किंचित बाहेर टेकतो, आणि त्यामुळे ब्रेक धरणारे चाक स्वतःच उलट बाजूला वळू पाहते. हे अंतर मुळात काही मिलिमीटरांचेच असते. २० मिमी जाडीचा ॲडॅप्टर टायर तेवढाच बाहेर ढकलतो आणि ही योजना उलटी होते. रोजच्या चालवण्यात कदाचित काहीच कळणार नाही. कळेल ते नेमके सर्किट फुटेल त्या क्षणी. म्हणून बदलायचे असेल तर नकल, हब, लोअर आर्म आणि टाय रॉड एकत्रच बदलायचे, असे मी ठरवले आहे. नव्या चाकांवर ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतचे अंतर, मिमीमध्ये) ४३ कोरलेला आहे, माझ्या जुन्या चाकांवर ३८. नव्या संचाचे आर्म रुंद ट्रॅकसाठी (डाव्या-उजव्या चाकांमधल्या जास्त अंतरासाठी) असल्याने हे ५ मिमी त्यात जुळून जातात, असा माझा समज आहे. ज्यांनी हा संच दुसऱ्या पिढीच्या गाडीत प्रत्यक्ष बसवला आहे त्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो का, हे कृपया सांगावे.

माझी खरी अडचण मात्र चाकापाशी नसून मास्टर सिलिंडरपाशी (पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या भागापाशी) आहे. माझ्या जुन्या कॅलिपरचा पिस्टन ४८ मिमीचा आहे आणि नव्याचा ५४ मिमीचा, म्हणजे पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. पॅड डिस्कच्या केंद्रापासून जितक्या अंतरावर धरतो ते अंतर, माझ्या ढोबळ मोजणीप्रमाणे, सुमारे १९ टक्क्यांनी वाढते. दोन्ही मिळून, तेवढ्याच दाबाला आणि त्याच जातीच्या पॅडना, पुढचे ब्रेक जवळजवळ दीडपट जोराने धरतील. मोठ्या पिस्टनला ऑइलही अधिक लागणार, म्हणून सध्याचा २०.६ मिमीचा मास्टर सिलिंडर ठेवला तर पेडल अधिक खाली जाईल. त्याऐवजी २२.२ मिमीचा घेतला तर पेडल वर राहील, पण पायाच्या तेवढ्याच जोराला दाब सुमारे १४ टक्क्यांनी घटेल. त्यानंतरही पुढचे ब्रेक पूर्वीच्या सुमारे १.३ पट धरतील, आणि मागचे ड्रम मात्र त्याच १४ टक्क्यांनी दुबळे होतील. म्हणजे ब्रेक लावण्याचा बहुतेक भार पुढच्या चाकांवर येईल, ती ओल्या रस्त्यावर लवकर लॉक होतील, आणि माझ्या गाडीत एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही.

त्यामुळे मागेही डिस्क बसवणे ओघाने येते. स्टब ॲक्सल मागच्या आडव्या ॲक्सल बीमला चार बोल्टने बसतात आणि डिस्कमध्येच बेअरिंग आहेत, एवढे मी पाहून घेतले आहे. हँडब्रेकच्या केबल वेगळ्या लागतील. पुढे पाच आणि मागे चार बोल्ट असा संसार मला मुळीच नको, कारण स्टेपनी एकाच बाजूला बसेल. प्रश्न दाब-नियंत्रकाचा, म्हणजे मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणाऱ्या भागाचा आहे. माझ्या गाडीत मागच्या दोन नळ्यांसाठी मास्टर सिलिंडरलाच दोन छोटे नियंत्रक बसवलेले आहेत आणि ते ड्रमच्या हिशेबाने ठरवलेले आहेत. ज्या गाडीचा संच मला मिळाला तिला एबीएस होते, तेव्हा तिची पुढची-मागची वाटणी जशीच्या तशी उचलता येत नाही. मागे डिस्क असलेल्या दुसऱ्या पिढीच्या गोल्फमध्ये बीमला स्प्रिंगने जोडलेला, भारानुसार दाब बदलणारा नियंत्रक असे. तो मिळवून बसवणे मला सर्वांत प्रामाणिक उपाय वाटतो, परंतु पुढे २५६ ऐवजी २८० मिमीची डिस्क असताना त्याची स्प्रिंग कशी लावायची, हे मला अनुभवी माणसाकडून समजून घ्यायचे आहे. हाताने फिरवायचा बाजारू नियंत्रक मी लावणार नाही. मागची चाके आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते, आणि ती मर्यादा रिकाम्या रस्त्यावर अंदाजाने ठरवण्याइतका माझा अनुभव नाही.

दुसरा मार्ग फार सरळ आहे: २५६ मिमीच्या हवेशीर डिस्क, तेच ५४ मिमीचे पिस्टन, चार बोल्ट, माझी १४ इंची चाके, आणि मागे हवे तर चार बोल्टच्या डिस्क. कारखान्याने ही जुळणी याच इंजिनासाठी केली होती, त्यामुळे मास्टर सिलिंडर आणि नियंत्रक दोन्ही ठरलेले आहेत. तपासणी आणि विमा या दोन्ही ठिकाणी हे पटवून देणेही सोपे जाईल. माझे मन निम्मेअधिक या बाजूला झुकलेले आहे. फक्त पूर्ण भार, लांब उतार आणि हे इंजिन एवढ्याला २५६ मिमी पुरते का, हे केवळ कागदावर ठरवता येत नाही. तशी गाडी डोंगरात चालवलेल्या कोणाचा तरी शब्द मला हवा आहे.

पुरवणी: काही जणांनी २८० मिमीच्या डिस्कवर १४ इंची चाक बसते का, असे विचारले. माझ्या चार बोल्टच्या हबला ही पाच बोल्टची सुटी डिस्क जुळत नसल्याने मी चाक जमिनीवर ठेवून आत नवी डिस्क आणि कॅलिपर धरून पाहिले. कॅलिपरची पाठ रिमच्या आतल्या कडेला टेकते, एक बोटही जात नाही. म्हणजे २८० साठी १५ इंच अनिवार्य आहे. नव्या नकलमधली बेअरिंगही हाताने फिरवून पाहिली. डावी गुळगुळीत फिरते, पण उजवीत वाळू असल्यासारखी खरखर लागते, तेव्हा हा संच वापरायचा ठरला तर दोन्ही बेअरिंग नव्या घालून प्रेसवर बसवाव्या लागतील. प्रेसचे काम येत्या शनिवारी ठरले आहे आणि एकदा हब काढला की बेअरिंग पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे पाच बोल्टचा मार्ग सोडायचा असेल तर ते शनिवारच्या आत सांगावे, ही विनंती. आणि दोन्हींपैकी कोणतीही जुळणी स्वतः केलेली असेल तर मास्टर सिलिंडरचे माप व मागचा नियंत्रक कोणता वापरला, हे दोन तपशील कृपया आवर्जून लिहावेत.