वन आरके की वन बीएचके? पाथर्डी फाट्यावर घर घेताना अडकले आहे

रातराणी
नमस्कार. मी इथे नाशिकमध्ये सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. वय २९, लग्न झालेलं नाही, पगार हातात ४६ हजार. सध्या मैत्रिणीबरोबर भाड्याने राहते. आई चांदवडला एकटी असते. गुडघ्यांमुळे वर्षातले चार-पाच महिने ती माझ्याकडे येते.

पाथर्डी फाट्याजवळ एका तयार बिल्डिंगमध्ये दोन घरं पाहिली आहेत. वन आरके (एकच खोली, तिथेच ओटा) कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, २९० चौरस फूट, साडेअठरा लाख. त्याच मजल्यावर वन बीएचके (हॉल, स्वयंपाकघर आणि वेगळी बेडरूम) कार्पेट ४३० फूट, २६ लाख. कम्प्लिशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) आलेलं आहे, त्यामुळे जीएसटी नाही. माझी शिल्लक पावणेचार लाख.

मला मनापासून वन आरके घ्यावंसं वाटतं. हप्ता झेपेल, झाडायला-पुसायला सोपं, आणि दार माझं स्वतःचं. आठ वर्षं दुसऱ्याच्या कपाटातला एक कप्पा वापरते आहे. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, "वेडी आहेस का, थोडे टाकून वन बीएचकेच घे." थोडे म्हणजे साडेसात लाख! ज्यांनी दोन्हीत राहून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.

अंबड तिसरी पाळी
ताई, वन आरके घेऊ नका. मी राहिलोय, चार वर्षं, बायको आणि मी.

मी रात्रपाळी करून सकाळी सातला घरी यायचो आणि पलंगावर पडायचो. पायापासून ओटा सहा फुटांवर. बायकोला साडेआठला निघायचं असायचं, म्हणजे साडेसातला कुकर. पहिल्या शिट्टीला जाग यायची, मिरचीची फोडणी पडली की ठसका. मधे जाड पडदा लावून पाहिला. पडद्याला तेलाचा वास बसला, आवाज काही अडला नाही. शेवटी तिने काय करावं? सकाळचा डबा आदल्या रात्रीच करून ठेवायला लागली. माझ्या झोपेसाठी ती चार वर्षं शिळी पोळी खात होती. आता वन बीएचकेत येऊन सहा वर्षं झाली, पण ते मला अजून लागतं.

तुमची नाइट ड्यूटी असते. दिवसा झोपणाऱ्याला बंद होणारं दार लागतं. चौरस फुटांचा हिशेब त्यानंतर.

सिडकोची लेक
दादांचं दुःख समजतं, पण ते दोघे होते आणि दोघांचं घड्याळ उलटं होतं. ताई सात-आठ महिने एकट्या राहणार आहेत.

सिडकोच्या सहा योजनांमध्ये, म्हणजे सरकारने बांधलेल्या छोट्या घरांच्या वसाहतीत, वाढलेल्या कुणालाही विचारा. आम्ही एका खोलीत पाच जण होतो. लोखंडी कपाट आडवं लावलं की पलीकडे आजी, अलीकडे आम्ही भावंडं. दहावीचा अभ्यास मी त्या कपाटाच्या पाठीला टेकून केला. घर लहान होतं, पण वडिलांच्या पगारात बसत होतं. महिनाअखेरीला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. झेपेल ते घर आधी आपलं करावं. पाच वर्षांनी विकून मोठं घेता येतं.

अंबड तिसरी पाळी
पण ताई, तुमच्या वडिलांनी पुढे मागची खोली काढली असेल, वर मजला चढवला असेल. आज सिडकोत मूळ होतं तसं घर शोधावं लागतं. ते घर जमिनीला लागून होतं म्हणून वाढलं. तिसऱ्या मजल्यावरचा २९० फुटांचा फ्लॅट कुठे वाढवणार?

सिडकोची लेक
हो, वर मजला चढवला. पण बारा वर्षांनी. तोवर घर आमचं होतं म्हणूनच चढवता आला ना? आधी उंबरठ्याच्या आत तर जाऊ दे तिला.

खतावणी
भावना राहू देत, आकडे मांडतो. रेडी घर, किंमत तीस लाखांच्या आत, म्हणजे बँक जास्तीत जास्त ९० टक्के कर्ज देऊ शकते. मुद्रांक आणि नोंदणी आपल्या खिशातून. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, म्हणून नाशिक शहरात ६ ऐवजी ५ टक्के धरतो. नोंदणी १ टक्का.

वन आरके: स्वतःचे १ लाख ८५ हजार, मुद्रांक ९२,५००, नोंदणी १८,५००. एकूण २ लाख ९६ हजार.
वन बीएचके: २ लाख ६० हजार, १ लाख ३० हजार, २६ हजार. एकूण ४ लाख १६ हजार.

व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं धरली तर हप्ते साधारण १४,४५० आणि २०,३००. म्हणजे हातातल्या पगाराच्या ३१ टक्के विरुद्ध ४४ टक्के. वकील, वीज मीटर, पंखे, गॅस, गाद्या यात धरलेलं नाही.

माझं मत वन आरके. ४४ टक्के हप्ता म्हणजे आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं की कर्जावर कर्ज. शिवाय सरकारी नोकरीत बदली आहेच. अंबड, सातपूरच्या कंपन्यांमुळे वन आरकेला भाडेकरू हा हा म्हणता मिळतो.

गंगापूररोड
खतावणी काका, हिशेब बरोबर, पण अर्धाच केलात. दर काढा. वन आरके पडतंय ६,३८० रुपये फूट, वन बीएचके ६,०५०. मधले १४० फूट तिला ५,३५७ रुपयांनी मिळतायत. म्हणजे ज्या जागेला भिंत आणि दार आहे तीच जागा सगळ्यात स्वस्त आहे!

भाडेकरू मिळतो हे खरं, पण गिऱ्हाईक? मी माझं वन आरके विकायला काढलं तेव्हा आलेल्यांपैकी निम्मे भाड्यासाठी घेणारे होते आणि तसाच घासून भाव करायचे. संसार मांडणारा माणूस बघून परत जायचा. "पाच वर्षांनी विकून मोठं घेऊ" म्हणणाऱ्यांनी हेही धरावं की मोठं घेताना मुद्रांक-नोंदणी पुन्हा भरायची. ते पैसे परत येत नाहीत.

आणखी एक, जे कुणीच सांगत नाही. बिल्डरला विचारा, तिथे सोसायटी होणार की अपार्टमेंट? आपल्या नाशिकमध्ये अपार्टमेंट पुष्कळ. अपार्टमेंटमध्ये खर्च ज्याच्या-त्याच्या हिश्शाप्रमाणे, म्हणजे लहान घराला कमी. सहकारी सोसायटीत लिफ्ट, वॉचमन, झाडलोट यांचं सेवा शुल्क प्रत्येक घराला सारखं असतं. २९० फूटवालाही तेवढंच भरतो. लहान घर म्हणून मेंटेनन्स कमी, हे गृहीत धरू नका.

आडगावकर
साडेअठरात आमच्या आडगावकडे वन बीएचके बघा ना. दोन्ही प्रश्न सुटतील.

अंबड तिसरी पाळी
आणि रात्रपाळी करून द्वारका चौकाच्या गर्दीतून रोज तिकडे जायचं? झोपेचा तास रस्त्यात जाईल. फाटाच बरा.

खतावणी
गंगापूररोड, दराचा मुद्दा मान्य. पण स्वस्त मिळतंय म्हणून जास्त घेणं मला पटत नाही. हप्ता फुटावर भरत नाहीत, महिन्यावर भरतात.

रातराणी, प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याजाची सवलत आहे. कर्ज २५ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९ लाखांपर्यंत. तुमची दोन्ही घरं बसतात. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. पण कुटुंबात कुणाच्या नावावर पक्कं घर नसावं अशी अट आहे. चांदवडचं घर आईच्या नावावर असेल तर बँकेत आधीच स्पष्ट विचारा, सवलत धरून हिशेब करू नका.

रातराणी
सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण रविवारी आईला घेऊन पुन्हा जाऊन आले.

टेप नेला होता आणि घरची रद्दी. वन आरकेच्या फरशीवर पेपर पसरले. माझा पलंग सहा बाय चार, कपाट, फ्रिज, देव्हारा, आईची गादी. सगळं बसलं. ओटा आणि गादी यांच्यात दीड पाऊल वाट उरली. मला वाटलं, झालं, बसतंय की!

आई त्या गादीच्या पेपरवर बसली, गुडघा चोळत. म्हणाली, "ही दिवसा गुंडाळून ठेवू." मी विचारलं, "आणि मी ड्यूटीवरून येऊन झोपले की तू कुठे बसशील गं?" ती लगेच म्हणाली, "बसेन की बाहेर जिन्यात. तिथं वारं छान येतंय."

किती सहज म्हणाली. तिने ते आधीच ठरवून टाकलं होतं, मी पेपर पसरत होते तेव्हाच.

मग शेजारचं वन बीएचके उघडायला लावलं. तिथे पेपर पसरले नाहीत. बेडरूममध्ये गेले, दार लावून घेतलं आणि आईला ओट्यावर पातेलं आपटायला सांगितलं. ऐकू आलं, पण झोप मोडेल एवढं नाही.

वन बीएचके घेते आहे. एकेचाळीस हजार कमी पडतायत. आई पाटल्या काढत होती, त्या नाही घेणार. वॉर्डातल्या आमच्या भिशीत माझा नंबर मार्गशीर्षात आहे, तोवर घर धरून ठेवतात का विचारलंय. बिल्डरचा माणूस म्हणतो, "कुंभमेळ्याआधी भाव चढणार, आत्ताच तीन लाख भरून टाका."

सिडकोची लेक
मला अजूनही वाटतं हप्ता जड जाईल. घ्यायचंच तर पहिली दोन वर्षं मैत्रिणीला हॉलमध्ये ठेवा, निम्मं भाडं घ्या. आई येईल तेव्हा ती आठ-पंधरा दिवस गावी जाऊन येईल.

रातराणी
ती हो म्हणेल. पण आई चार महिने असते हो, पंधरा दिवस नाही. विचारून बघते.

गंगापूररोड
तीन लाख आत्ता अजिबात देऊ नका. रेरा कायद्यात (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. २६ लाखांचे १० टक्के म्हणजे २ लाख ६० हजार. त्यातही थोडंच टोकन द्या, पावती घ्या, आणि करारात कार्पेट ४३० च लिहिलंय का ते स्वतः वाचा. टेप घरी ठेवू नका, सहीच्या आधी एकदा बेडरूम मोजा.