१९६६ च्या बीटलमध्ये इंजिन ऑइलचे तापमान कसे मोजावे? (बजेट ३,००० रुपये)

गोदाकाठ_बीटल:
नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९६६ सालची फोक्सवॅगन बीटल आहे. इंजिन १३०० सीसीचे, एअर-कूल्ड (पाण्याऐवजी हवेने थंड होणारे), आणि वायरिंग मूळचे ६ व्होल्टचे. नाशिक शहरात फिरताना काहीच तक्रार नसते. परंतु मुंबईहून परतताना कसारा घाट चढून इगतपुरी गाठली की, किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर पोहोचलो की, आयडलिंगवर ऑइल प्रेशरचा हिरवा दिवा लुकलुकू लागतो आणि गाडी थोडी निवल्यावर आपोआप थांबतो. या गाडीला तापमानाचा काटा मुळातच नाही, त्यामुळे ऑइल नक्की किती तापते हे आकड्यात कळावे अशी इच्छा आहे. डॅशबोर्डला भोक पाडायचे नाही, कारण गाडी वडिलांची आहे आणि ते अजूनही रोज सकाळी तिच्याभोवती एक फेरी मारतात. बजेट ३,००० रुपये आहे. कोणते साधन घ्यावे?

कॉलेजरोड_क्लासिक:
उत्तम प्रश्न. माझ्या १९७२ च्या बीटलमध्ये मी जर्मनीहून मागवलेला तीन घड्याळांचा संच बसवला आहे: ऑइलचे तापमान, ऑइलचा दाब आणि सिलिंडर हेडचे तापमान. त्याबरोबर पंखा असलेला बाहेरचा ऑइल कूलरही बसवून घेतला आणि तेव्हापासून काटा १०० अंशांच्या वर गेलेला नाही. आपणही हेच करावे, असे सुचवतो. बजेट थोडे वाढवावे लागेल; कूलर, पाइप, घड्याळे आणि मजुरी धरून साधारण दहापट.

गोदाकाठ_बीटल:
दादा, माहितीबद्दल आभार, परंतु बजेट ३,००० चेच आहे.

बुलेट_आणि_मी:
माझ्याकडे जुनी कास्ट आयर्न बुलेट आहे. तिच्या ऑइल भरायच्या तोंडाला घड्याळासारखी तबकडी असलेले झाकण मिळते. ते घट्ट बसवले की थांबल्याबरोबर तापमान दिसते, ना वायर ना बॅटरी. आपल्या गाडीलाही तसेच झाकण बसवून टाकावे.

सातपूर_फिटर:
बुलेटच्या झाकणाची नळी बीटलच्या ऑइलपर्यंत पोहोचणार नाही. बीटलमध्ये ऑइल ओतायचे तोंड जनरेटरच्या स्टँडला आहे आणि अडीच लिटर ऑइल खाली तळाशी असते. तिथे नळी लटकवली तर ती ऑइलचे नव्हे, क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या खालच्या पेटीतल्या) वाफेचे तापमान सांगेल.

मूळ मुद्दा असा आहे की कुठे मोजता त्यावर आकडा ठरतो. कूलरमधून नुकतेच बाहेर पडलेले ऑइल आणि तळाशी साचलेले ऑइल यांचे आकडे कधीच एक नसतात; म्हणून दुसऱ्याचा आकडा आपल्या गाडीला लावण्यापूर्वी त्याने सेन्सर कुठे बसवला आहे हे विचारावे. विजेवर चालणारे घड्याळ घ्यायचे असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बाजारातली बहुतेक घड्याळे १२ व्होल्टची असतात, आपली गाडी ६ व्होल्टची आहे. शिवाय सेन्सर आणि घड्याळ एकाच जोडीचे असावे लागतात. सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो, पण किती कमी होतो हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. एकाचा सेन्सर आणि दुसऱ्याचे घड्याळ जोडले तर काटा हलतो खरा, पण खोटे बोलतो. जोडी आणल्यावर सेन्सर उकळत्या पाण्यात धरून पाहावा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी १०० ला नव्हे, साधारण ९८ अंशांना उकळते, तेवढा फरक धरावा.

पद्मिनी_प्रेमी:
म्हणूनच मी नेहमी सांगतो की पाण्यावर थंड होणारी गाडी ती गाडी. माझ्या प्रीमियर पद्मिनीत काटा समोरच आहे, रेडिएटरमध्ये पाणी आहे, आणि कसारा चढताना आजवर काहीही झालेले नाही.

बुलेट_आणि_मी:
पद्मिनीवाले साहेब, त्याच घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या पद्मिनी आम्हीही पुष्कळ पाहिल्या आहेत. असो, धागा बीटलचा आहे.

निफाडकर_बागायतदार:
आमच्या ट्रॅक्टरला पाण्याच्या तापमानाचे यांत्रिक घड्याळ असते. त्याची बारीक तांब्याची नळी थेट इंजिनात जाते. वीज लागत नाही, त्यामुळे ६ व्होल्ट की १२ व्होल्ट हा प्रश्नच उरत नाही. पिंपळगावच्या कोणत्याही ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात बजेटच्या आतच मिळते. मी द्राक्षाच्या फवारणीच्या हंगामात एक बदलले, ते बिनदिक्कत चालू आहे.

सातपूर_फिटर:
कल्पना चांगली आहे, पण त्यात तीन अडचणी आहेत. बीटलचे इंजिन मागे असल्याने ती नळी पुढे डॅशबोर्डपर्यंत पुरणार नाही, ती कापून लांब करता येत नाही कारण आत वायू किंवा द्रव भरलेला असतो, आणि ट्रॅक्टरच्या घड्याळाची पट्टी बहुतेकदा १२० ला संपते. ऑइलच्या बाबतीत खरी चिंता तिथूनच सुरू होते.

कॉलेजरोड_क्लासिक:
१२० ला चिंता सुरू होते हे मान्य नाही. ११० च्या वर गेले की मी गाडी बाजूला घेतो.

सातपूर_फिटर:
आपण घ्यावी. परंतु ८० ते ११० हे चालत्या गाडीचे नेहमीचे तापमान आहे, चढावर ते काही वेळ ११५ पर्यंत जाऊ शकते. सतत १२० च्या पुढे राहू लागले तर कारण शोधावे. आणि कायम ७० च्या आत ठेवणेही चांगले नव्हे. ऑइलमध्ये साचलेली आर्द्रता उडून जायला उष्णता लागते.

अंबडचा_आनंद:
लेझरवाली इन्फ्रारेड बंदूक घ्या. ऑनलाइन स्वस्तात मिळते, खालून ऑइलच्या तळाकडे धरली की लगेच आकडा येतो. माझ्याकडे आहे, मी तव्याचेही तापमान त्यानेच पाहतो.

सातपूर_फिटर:
तवा काळा आहे म्हणून आकडा बरोबर येतो. चकचकीत ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या पृष्ठभागावर ही बंदूक खूप कमी दाखवते. वापरायचीच असेल तर तळाच्या झाकणावर उष्णता सहन करणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा एक ठिपका द्यावा आणि नेहमी तिथेच मोजावे. तरीही ते झाकणाचे तापमान असेल, आतल्या ऑइलचे त्याहून जास्त.

पंचवटी_जुने_गॅरेज:
सगळ्यांचे वाचले. आकड्याचा हट्ट नंतर धरावा. आधी इंजिनाच्या कप्प्याभोवतीची रबरी पट्टी पाहावी. या गाडीत इंजिनाच्या वरची हवा थंड आणि खालची गरम असते, आणि ती पट्टी व पत्रे दोन्ही हवा वेगळ्या ठेवतात. पट्टी फाटली असेल किंवा पत्र्याचा एखादा तुकडा कुणी "जास्तीचा" म्हणून काढून टाकला असेल तर पंखा खालची तापलेली हवाच पुन्हा वर ओढतो, मग कितीही काटे लावा. दुसरे म्हणजे, १९६६ च्या गाडीत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आतच उभा असतो आणि तिसऱ्या सिलिंडरला मिळणारी हवा त्यातून आधीच तापून जाते. ही रचना १९७१ च्या मॉडेलपासून बदलली. म्हणूनच कॉलेजरोडच्या दादांच्या १९७२ च्या गाडीचे अनुभव आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तो कूलर आवरण काढल्याशिवाय दिसत नाही. एकदा मी काढले तेव्हा कूलरच्या पाकळ्यांमध्ये उंदराने कापूस, वाळलेले गवत आणि लग्नपत्रिकेचे तुकडे कोंबलेले होते, आणि गाडीमालक मात्र दोन वर्षे ऑइलचे ब्रँड बदलत बसले होते.

तिसरे, घाट चौथ्या गिअरमध्ये चढू नये. पंखा इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. इंजिन दमवत हळू ओढले की हवा कमी आणि उष्णता जास्त. तिसरा घालावा. माथ्यावर पोहोचल्यावर लगेच बंद न करता थोडे आयडलिंगवर ठेवावे. आणि जनरेटरचा लाल दिवा लागला तर विचार न करता थांबावे, कारण पंखा जनरेटरच्या दांड्यावर आहे आणि पट्टा तुटला की दोन्ही गेले.

पद्मिनी_प्रेमी:
हे सर्व ठीक आहे, परंतु कोणते ऑइल टाकले आहे हे कुणी विचारलेच नाही. २०डब्ल्यू-५० (घट्ट प्रतीचे) टाकावे, दिवा लुकलुकणार नाही.

बुलेट_आणि_मी:
२०डब्ल्यू-५० टाकावे.

पंचवटी_जुने_गॅरेज:
घट्ट ऑइलने दिवा विझेल, पण उष्णता तिथेच राहील. दिवा लुकलुकण्याचे कारण बेअरिंगची झीज आहे की तापून पातळ झालेले ऑइल, हे ठरवण्यासाठीच त्यांना आकडा हवा आहे ना? तो त्यांना मिळू द्यावा.

गोदाकाठ_बीटल:
सर्वांचे मनापासून आभार. वरीलपैकी कोणतेही घड्याळ मी घेणार नाही. मी के-टाइप थर्मोकपलची (टोकाशी तापमान मोजणारी) वायर आणि तापमान दाखवणारा डिजिटल मल्टिमीटर घेतो. वायर डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीच्या) नळीतून आत जाईल, मीटर स्वतःच्या सेलवर चालेल, त्यामुळे ६ व्होल्टचा प्रश्न नाही आणि भोकही पाडावे लागणार नाही.

सातपूर_फिटर:
ही गोष्ट मी सुचवली नाही, कारण चालत्या गाडीत लवचिक वायर आत फिरणाऱ्या भागांत अडकू शकते. घेणारच असाल तर गाडी बंद करून ताबडतोब मोजावे, आणि डिपस्टिकच्या खालच्या खुणेइतकी लांबी वायरवर टेपने खूण करून ठेवावी. आणखी एक: कापडी काचतंतूचे वेष्टन असलेली वायर घेऊ नये, ती वातीसारखी ऑइल वर ओढते आणि थेट मीटरपर्यंत आणते. स्टीलच्या आवरणाची घ्यावी.

कॉलेजरोड_क्लासिक:
मल्टिमीटर घेऊन घाटात थांबणे म्हणजे हौसेला मोल नाही! माझा संच विकायचा झाला तर प्रथम आपल्यालाच कळवीन.

गोदाकाठ_बीटल:
स्टीलच्या आवरणाचीच घेतो, आणि मोजणी फक्त इंजिन बंद करूनच. आज पंचवटीच्या काकांचे ऐकून टॉर्च घेऊन पाहिले. कप्प्याच्या डाव्या बाजूची रबरी पट्टी वीतभर गायब आहे आणि तिथून खालचा रस्ता सरळ दिसतो. बजेटातून जे उरेल ते त्या पट्टीला जाईल. १९६६ च्या मापाची पट्टी नाशिकमध्ये किंवा पुण्यात कुठे मिळते हे कुणास ठाऊक असल्यास कळवावे.

पद्मिनी_प्रेमी:
पट्टीचे माहीत नाही. २०डब्ल्यू-५० मात्र टाकाच.