आईबाबा गावी दोघंच राहतात, पोलीस ठाण्यात सांगून ठेवता येतं का?

माहेर_सांगली:

नमस्कार. मी नोकरीनिमित्त पुण्यात, भाऊ बेंगळुरूला. आईबाबा सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, तालुक्याच्या गावी असतात. बाबा ७६ वर्षांचे, आई ७१. घर जुन्या गावठाणात नाही, बायपासच्या अलीकडे नवीन प्लॉटिंग झालंय तिथं आहे. आजूबाजूची निम्मी घरं वर्षभर कुलूपबंद, कारण त्यांचीही मुलं आमच्यासारखीच बाहेर.

गेल्या महिन्यात दोन गल्ल्या पलीकडच्या एका आजींना सकाळी देवळातून येताना मोटारसायकलवरच्या दोघांनी अडवलं. "मावशी, आम्ही पोलीस आहे. पुढं चौकात लूटमार झालीय, एवढं सोनं घालून कुठं निघालाय?" एकाने खिशातून कार्ड काढल्यासारखं केलं. पाटल्या आणि बोरमाळ काढायला लावली, कागदात बांधली आणि पुडी आजींच्या पिशवीत ठेवून "आता सरळ घरी जावा" म्हणून सांगितलं. घरी येऊन पुडी सोडली तर आत दोन खडे आणि एक नटबोल्ट. आजी अजून नीट जेवत नाहीत. "मी माझ्या हातानं काढून दिलं" एवढंच म्हणत बसतात. घरच्यांनी तक्रारही दिलेली नाही.

तेव्हापासून आमची आई दार उघडत नाही. दुधाचं पातेलं खिडकीच्या गजांतून आत येत नाही म्हणून २० वर्षांचं रतीब बंद केलं आणि आता पिशवीचं दूध घेते. मी बाबांना म्हटलं, ठाण्यात जाऊन सांगून या की आम्ही दोघंच राहतो. तर ते म्हणतात, काही घडलेलं नसताना तिकडची पायरी कशाला चढायची?

खरंच अशी काही सोय असते का? कुणाला भेटायचं, काय सांगायचं? सांगितल्याने उलट घराची माहिती चार लोकांत जाईल का, ही पण भीती आहे.

रात्रपाळी:

ताई, बाकीचं जाणकार सांगतील. एक काम आजच करा. आईबाबांच्या फोनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत घराचा पूर्ण पत्ता लिहून चिकटवा: जिल्हा, तालुका, गाव, प्लॉटिंगचं नाव, जवळची खूण. ११२ ला केलेला फोन आपल्या गावच्या ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबईच्या केंद्रात जातो, तिथे नाही लागला तर नागपूरला. तिथून जिल्ह्याकडे आणि मग गाडीतल्या स्क्रीनवर येतो. माझ्या वडिलांनी घाबरून "मारुतीच्या देवळामागं या" एवढंच सांगितलं होतं. पलीकडच्या मुलीला बिचारीला कुठला मारुती ते कसं कळणार? तिने तीनदा जिल्हा विचारला. गाडी आली, पण ती दहा-बारा मिनिटं फार लांबली.

सेवानिवृत्त_सहायक_फौजदार:

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी ३४ वर्षं पोलीस खात्यात काढली, सगळी ग्रामीण ठाण्यांत. शेवटची सात वर्षं बहुतेक ठाणे अंमलदाराच्या टेबलामागं गेली. ठाण्यात शिरल्यावर समोर पहिलं टेबल लागतं ते हेच. अर्धं गाव मी त्या टेबलावरून ओळखलं.

बाबांना माझा निरोप द्या. काही घडलेलं नसताना येणारा माणूसच आम्हाला हवा असायचा. घडल्यावर आलेला माणूस घाबरलेला असतो, त्याला घराची खूण नीट सांगता येत नाही. जो आधी येऊन दहा मिनिटं बसून गेलाय, त्याचं घर अंधारातही सापडतं.

सोय आहे का, तर आहे, आणि ती कुणाची मेहेरबानी नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ चा, त्याखाली आपल्या राज्याचे नियम २०१० चे. प्रत्येक ठाण्याने हद्दीतल्या ज्येष्ठांची, त्यातही एकटे राहणाऱ्यांची, यादी ठेवायची आणि महिन्यातून एकदा तरी ठाण्याच्या माणसानं त्यांची विचारपूस करून यायचं, असं त्यात आहे.

आता खरं तेही सांगतो. माझ्या शेवटच्या ठाण्याला ४२ गावं होती. सकाळच्या हजेरीला जेवढी माणसं उभी असायची त्यातला एक कोर्टात, एक समन्स-वॉरंटला, दोघं जिल्ह्याच्या बंदोबस्ताला, कुणी रात्रपाळी करून झोपलेला. जत्रा आणि गणपतीच्या दिवसांत तर ठाण्यात मी आणि वायरलेसवरचा पोरगा, एवढेच. दर महिन्याची भेट व्हायची नाही. माझ्या स्वतःच्या बीटमध्ये एका म्हातारबाबांकडं मी पाच महिने गेलो नाही आणि गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. ते मुलाकडं गेले असतील असं समजून परत फिरलो. ते वारले होते, हे मला पुढच्या बाजारी कळलं. म्हणून सांगतो, यादीत नाव घालून थांबू नका.

खेड्यात घर असतं तर मी म्हटलं असतं, पोलीस पाटलांना सांगा. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यातलं ते पद आहे आणि चांगला पाटील असेल तर त्याला कुणाच्या गोठ्यात म्हैस व्याली हेही ठाऊक असतं. नव्या प्लॉटिंगमध्ये तसं कुणी नसतं. तिथं बीट अंमलदार हाच तुमचा माणूस. ठाण्याची हद्द बीटांत वाटलेली असते, एकेक भाग एका हवालदाराकडं. ठाण्यात गेल्यावर "साहेबांना भेटायचंय" म्हणू नका, साहेब बदलून जातात. "आमच्या भागाचे बीट अंमलदार कोण?" असं विचारा, त्यांचा नंबर घ्या, आईबाबांचा द्या.

सोबत साध्या कागदावर अर्ज, दोन प्रती. वयं, आजार, किल्ली कुणाकडं असते, तुमचे आणि भावाचे नंबर. दागिने, पैसे, बँक यातलं अक्षर लिहू नका, कुणी विचारलं तरी नाही. तुमच्या भीतीचं उत्तर हेच. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन ती घरी ठेवा.

आणि आता जे मनापासून सांगायचंय ते. आमच्या गावाच्या कडेला अशीच एक कॉलनी होती, टोकाला एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांच्या मंडळी. तेव्हा रात्रगस्तीच्या वह्या असायच्या. बँक, देऊळ, सराफ कट्टा अशा ठिकाणी वही टांगलेली. गस्तीवाल्यानं तिथं पोचून वेळ, सही आणि बक्कल नंबर टाकायचा. पोस्टमास्तर एक दिवस टेबलासमोर आले, १०० पानी वही पुढं ठेवली आणि म्हणाले, "ही माझ्या फाटकाला टांगतो, चालेल का?" मी साहेबांना विचारलं आणि गस्तीच्या रस्त्यात ते फाटक घातलं. वही खताच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आतल्या बाजूला खिळ्याला अडकवलेली, पेन सुतळीनं बांधलेलं. पावसाळ्यात ते पेन चालायचं नाही म्हणून त्यांनी पेन्सिल बांधली.

सही करायला रात्री दोनला माणसाला कॉलनीच्या टोकापर्यंत जावंच लागायचं. जाताना तेरा घरं लागायची, त्यातली आठ बंद. आठही घरांवरून बॅटरी फिरायची. सकाळी पोस्टमास्तर चहा घेता घेता वही बघायचे आणि सही नसली की सातला टेबलावरचा फोन वाजायचा, "काल आपलं कुणी आलं नाही का?" आवाज कधी चढला नाही. पण तो फोन येणार हे आमच्या पोरांना माहीत होतं. मी तिथं होतो तेवढ्या काळात त्या कॉलनीत एक घरफोडी झाली नाही. वहीमुळंच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण मला तसं वाटतं.

आता बऱ्याच ठिकाणी वहीऐवजी क्यूआर कोड लावतात आणि गस्तीवाला मोबाइलनं तो स्कॅन करतो. तुम्ही बीट अंमलदारांना एवढंच सांगा, आमच्या कॉलनीच्या टोकाला एक पॉइंट द्या. माणूसबळ वाढवून मागितलं तर कुणाच्याच हातात नसतं, गस्तीचा एक पॉइंट मात्र ठाण्यातल्या ठाण्यात ठरतो.

त्या आजींचं राहिलं. त्यांच्या घरच्यांना म्हणावं, आजच तक्रार द्या. हातानं काढून दिलं तरी ती फसवणूक आहे, वर पोलीस असल्याची बतावणी, दखलपात्र गुन्हा. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, त्यातही खबर नोंदवून तिची प्रत फुकट द्यायचीच आहे. पुढं तपासात जबाबाला आजींना ठाण्यात बोलावता येत नाही. बाईमाणसाचा आणि साठीपुढच्या कुणाचाही जबाब त्यांच्या राहत्या घरी घ्यायचा असतो. आणि आजींना समोर बसून सांगा, ते लोक दिवसाला चार बायकांना असं फसवतात, त्यात त्यांचा दोष नाही. खरा पोलीस रस्त्यात कुणालाही दागिने काढायला सांगत नाही. हे एक वाक्य आईकडून पाठ करून घ्या.

बेदाणा:

फौजदार साहेब, तुमच्यासारखे सगळे नसतात. दोन वर्षांपूर्वी द्राक्षाचा माल उचलून व्यापारी पळाला, माझे चार लाखांवर अडकले. चेक वटला नाही. मी ठाण्यात गेलो तर "हा तुमचा आपसातला व्यवहार, दिवाणीत जा" म्हणून परत लावलं. बायकोचं मंगळसूत्र ठेवून औषधवाल्याचं बिल भागवलं. यादी, वही ठीक आहे. पण खरं काम पडतं तेव्हा ऐकून तर घ्यावं.

सेवानिवृत्त_सहायक_फौजदार:

दादा, तुम्हाला न ऐकता परत लावलं ते चुकलं. कोणत्या ठाण्याचं ते लिहू नका, पण चुकलं हे मी म्हणतो.

तोंडी सांगून माघारी यायचं नाही. लेखी तक्रार द्यायची. घेतली नाही तर तीच टपालानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवायची, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच तशी तरतूद आहे, त्यापुढं न्यायदंडाधिकारी. सोबत वजनाच्या पावत्या, गाडीचा नंबर, चेक परत आल्याचा बँकेचा मेमो. त्याच व्यापाऱ्यानं आणखी कुणाला बुडवलं असेल तर सगळे मिळून जा. चार शेतकऱ्यांचे कागद एकत्र आले की सुरुवातीपासून फसवायचंच होतं हे दिसायला लागतं, मग त्याला आपसातला व्यवहार म्हणता येत नाही. दोन वर्षं झाली म्हणून सोडू नका.

हंगामात आम्ही एक करायचो. बाहेरचा व्यापारी गावात खोली घेऊन उतरला की बीट अंमलदार त्याचं आधार, फोटो, मूळ गावचा पत्ता आणि गाड्यांचे नंबर लिहून आणायचा. ज्या शेतकऱ्याला सौदा करायचा असेल तो येऊन ते बघून जायचा. पण दहातला एखादाच यायचा. दर चार रुपयांनी जास्त मिळाला की बाकीचे विचारत नसत, याचं मला अजून वाईट वाटतं.

माहेर_सांगली:

सगळ्यांचे आभार. शनिवारी गावी जाऊन आले. बाबा कसेबसे तयार झाले, इस्त्रीचा शर्ट घालून, अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर एक मॅडम होत्या. फोन सारखा वाजत होता, समोर दोन भाऊ बांधावरून भांडत उभे, तरी त्यांनी बाबांना आधी खुर्ची दिली. ज्येष्ठांची यादी त्यांच्याकडे होती, पण २०१९ च्या पुढे त्यात नावच चढलेलं नव्हतं. मॅडमनी ते लपवलं नाही, आमच्यासमोर खाली रेघ ओढून नवं नाव घातलं.

बीट अंमलदार संध्याकाळी घरी आले. फाटकापाशीच थांबले, ओळखपत्र आईच्या हातात दिलं आणि म्हणाले, "काकू, नीट वाचून घ्या, मी उभा आहे." आईने चष्मा आणून वाचलं, मग आत घेतलं. पॉइंटचं विचारल्यावर ते म्हणाले, साहेबांना विचारतो. मंगळवारी आमच्यासमोरच्या विजेच्या खांबाला क्यूआर कोड लागला.

तरी बाबांनी वही टांगलीच! म्हणाले, मोबाइलमध्ये काय झालं ते मला दिसणार कसं? साहेब, मी त्यांना तुमचं पोस्टमास्तरांचं वाचून दाखवलं होतं. काल सकाळी त्यांनी वहीचं पान फोटो काढून पाठवलं. ०२.२०, सही, बक्कल नंबर. मागच्या पानावर त्यांनी कॉलनीतल्या बंद घरांची यादी केलीय, मालकांच्या फोन नंबरसकट, रविवारी ती बीट अंमलदारांना द्यायची आहे.

त्या आजींच्या नातवाने तक्रार दिली. जबाब घरीच झाला.

आई अजून पिशवीचंच दूध घेते.