जिमची फी? अजिंक्यतारा आहे की!

"महिन्याची हजार-बाराशे फी झेपत नाही, म्हणून व्यायाम राहिला" असं वर एकांनी लिहिलंय. अहो, साताऱ्यात राहून असं म्हणायचं? समुद्रसपाटीपासून सव्वातीन हजार फुटांवरचा अजिंक्यतारा किल्ला फुकटच आहे की! पहाटे बघा, निम्मं गाव चढत असतं, त्यात सत्तरीचे आजोबापण.

मी सुरुवात केली तेव्हा पहिल्या वळणावरच धापा टाकत कठड्यावर बसलो होतो. मागून आलेल्या मावशी नऊवारीत, चपला घालून पुढे निघून गेल्या, वर "बसा बसा, दम खा" म्हणाल्या. लाज वाटली, पण दुसऱ्या दिवशीही गेलो. चढताना बोलता येईल एवढाच वेग ठेवा. उतरताना मात्र पळू नका, सगळा भार गुडघ्यांवर येतो; माझा उजवा गुडघा महिनाभर कुरकुरत होता, तो याच शहाणपणामुळे.

खर्च करायचाच तर बुटांवर करा. वजनाला पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या पुरतात, लिटरला एक किलो, हिशोब सोपा. पावसाळ्यात घरीच बारा सूर्यनमस्कार. प्रोटीन पावडरचं म्हणाल तर रात्री मूठभर हरभरे भिजत घाला.

उद्या येताय का? साडेपाचला पायथ्याशी असतो मी.