गोल दगड म्हणजे अंडं नव्हे. आधी थर विचारा!

काळी_माती:
नागपूरजवळ, हिंगण्याच्या पुढे आमच्या काकांची विहीर खणणं चालू आहे. त्यातून नारळाएवढा गोटा निघाला, वर कांद्यासारखे पापुद्रे. दुपारपर्यंत साऱ्या नातलगांच्या मोबाइलवर 'डायनासोरचं अंडं' फिरलं आणि संध्याकाळी कुणीतरी त्याला हळदकुंकूही वाहिलं.

मी भिंग घेऊन बसलो. पापुद्रे बोटाएवढे जाड, पिवळट, नखानं सुटणारे. आतला गाभा काळा, टणक, सगळीकडे सारखाच. डायनासोरच्या अंड्याचं कवच काही मिलिमीटरचं असतं, बोटाएवढं नाही. हा कुजलेला काळा दगड आहे. लाव्हा थंड होताना भेगा पडतात, त्यातून पाणी उतरतं, ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात आणि मध्ये गोल गाभा उरतो. आपल्याकडच्या कुठल्याही मुरमाच्या खाणीत उभे राहा, भिंतीत असे गोटेच गोटे दिसतील.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. आकारावरून ठरवणं बंद करा. दगड कुठल्या थरातून निघाला, हे आधी विचारा. थर लाव्हाचा असेल तर विषय तिथंच संपतो.

टाकळीची_लेक:
संपत नाही, दादा. एका लाव्हानंतर दुसरा येईपर्यंत मध्ये मोठा काळ गेला, तेव्हा इथं तळी होती. त्या तळ्यांचा गाळ दोन थरांच्या मध्ये दबून आहे. सीताबर्डीच्या टेकडीवर आणि टाकळीला हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी 1850 च्या दशकात तोच गाळ तपासला, त्यात गोगलगायी आणि झाडांचे अवशेष सापडले.

आणि विहिरीच्या ढिगाऱ्यावर थर कोण सांगणार? क्रेननं वर आलेला माल सगळा एकात एक. तिथं दगडाकडेच बघावं लागतं. 'लाव्हा आहे, सोडा' असं लोकांना शिकवलंत तर खरी वस्तू बांधाच्या पिचिंगमध्ये, म्हणजे दगडी अस्तरात, जाईल.

वर्धा_रोड:
ॲसिड टाकून पाहा ना भाऊ, बाथरूम धुवाचं. माह्या मावसभावानं एका गोट्यावर टाकलं, फसफसलं. म्हंजे अंडंच.

टाकळीची_लेक:
भाऊ, फसफसणं म्हणजे त्यात चुना आहे, एवढंच. चुनखडी फसफसते, काळ्या दगडाच्या भेगेत साचलेला कॅल्साइट फसफसतो, अंड्याचं कवचही फसफसतं. उलट टाकळीच्या बऱ्याच गोगलगायींच्या शंखात चुन्याच्या जागी सिलिका, म्हणजे गारेचा पदार्थ, भरलेली आहे, त्यांवर ॲसिड पडलं तरी काही होत नाही. म्हणजे जीवाश्म की खनिज, असा प्रश्नच पुष्कळदा चुकीचा असतो. आकार जिवाचा आणि पदार्थ खनिजाचा, दोन्ही एकाच दगडात.

रामटेककर:
मनसरकडच्या दगडावर नेचाची काळी पानं दिसतात, ती पानं नव्हेत. मँगनीजचं पाणी भेगेत शिरून तशी नक्षी उमटते. ओळखायचं कसं? खऱ्या पानाला मधली शीर असते, कडा असते. ही नक्षी भेगेच्या काठावरून सुरू होते आणि फांद्या फुटत सुटते. घरी दोन तुकडे ठेवलेत, अजून पाहुण्यांना 'हे पान नाही' सांगावं लागतं.

काळी_माती:
ढिगाऱ्याचा मुद्दा मला पटला. तरी थर सोडून नुसत्या दिसण्यावर गेलं की काय होतं, ते रामटेककरांनीच दाखवलं.

टाकळीची_लेक:
आणि दिसण्यावरून फेकून दिलं की काय होतं, ते पिसदुऱ्यानं दाखवलं! वरोऱ्याजवळचं गाव. तिथल्या लाल मातीत बेढब, करड्या गाठी मिळतात, कुणी पायानं उडवाव्यात अशा. ती डायनासोरच्या काळातली वाळलेली विष्ठा आहे. 2005 मध्ये त्यांच्या आत गवताचे सूक्ष्म कण सापडले, तेव्हा गवत त्या काळीही होतं हे कळलं. त्या गाठी कुठल्या थरातल्या, हे माहीत होतं म्हणून तर अर्थ लागला. म्हणजे तुमचा थर मला हवाच आहे. 'विषय संपतो' हे वाक्य मात्र नको.

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात लोक गोल दगडांची पूजा करत होते, ती डायनासोरची अंडी असल्याच्या बातम्या आल्या. तिथल्या परिसरातल्या 92 घरट्यांमधल्या 256 अंड्यांचा अभ्यास 2023 मध्ये आला. हळदकुंकू वाहणाऱ्या माणसांनी निदान ते गोटे फोडले तरी नाहीत.

काळी_माती:
काकांना फोन केला. गोटा मुरमातलाच, साताठ फुटांवरचा. त्यावर माझं मत कायम आहे. पण त्याच्या खाली वीतभर जाडीचा राखाडी, काचेसारखा कडक पट्टा लागला होता. कामगारांनी शिव्या देत फोडला आणि बांधावर टाकला. हे मी आधी विचारलंच नव्हतं.

काकांनी एक तुकडा ओला करून फोटो पाठवला आहे. कडेला नखाएवढा पिळदार शंख आहे, तीन वळणं स्पष्ट दिसतात. बांधाचं काम थांबवायला सांगितलंय. रविवारी जातो. आधी विहिरीच्या भिंतीत तो पट्टा किती खोलीवर आहे ते मोजतो, मग नाण्यासह दोन्ही बाजूंचे फोटो काढतो. कुठलाही तुकडा फोडणार नाही. सोमवारी सेमिनरी हिल्सला, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात नेऊन दाखवीन.

टाकळीची_लेक:
तुकडे वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळा, आणि प्रत्येकावर खोली लिहा. मी येऊ का रविवारी?