तिशी ओलांडली म्हणून नारळ? रेबलराव, जरा थांबा

बॅलिनकॉलिगकर

काल रेबलरावांनी लिहिलं की आपल्या कॉर्क काउंटीच्या हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) संघाला बेन ओ'कॉनर नवा मॅनेजर म्हणून आलाच आहे तर आता कॉर्कचं घर झाडून काढा, तिशीच्या पुढच्या सगळ्यांना नारळ द्या आणि त्याची २०२३ ची अंडर-२० पोरं सरळ आत घ्या. खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण रात्री झोपच लागली नाही. तेव्हा आता सविस्तर.

२० जुलै २०२५ ला क्रोक पार्कमध्ये ऑल-आयर्लंड फायनलला काय झालं ते मीही पाहिलंय, डेव्हिन स्टँडमध्ये बसून. अर्ध्या वेळेला १-१६ विरुद्ध ०-१३ (आधी गोल, मग पॉइंट; एक गोल तीन पॉइंटचा), म्हणजे आपण सहाने पुढे. शेजारच्या आजोबांनी मला सँडविच देऊ केलं, इतका आनंद. आणि उत्तरार्धात आपण किती केले? दोन. गोल नव्हे, पॉइंट. टिपररी ३-२७, कॉर्क १-१८. आजोबा नंतर बोललेच नाहीत.

पण त्या पस्तीस मिनिटांचा वयाशी संबंध काय? लाल कार्ड मिळालेला ओवन डाउनी म्हातारा होता का? हाच संघ एप्रिलमध्ये लीग जिंकला, तीही टिपररीलाच हरवून. जूनमध्ये लिमरिकला त्यांच्या घरात पेनल्टीवर हरवून मन्स्टर प्रांताचं विजेतेपद घेतलं. उपांत्य सामन्यात डब्लिनला सात गोल घातले, ७-२६. वर्षभर जो संघ सोन्याचा होता तो एका उत्तरार्धात भंगार झाला?

आणि अंडर-२० चं कौतुक मला सांगू नका. आधीचा मॅनेजर पॅट रायनही २०२० आणि २०२१ ची अंडर-२० जिंकूनच वर आला होता आणि आपली पोरं घेऊनच आला होता. पॅनलमध्ये, म्हणजे काउंटीच्या ताफ्यात, पोरं आहेतच हो! आता नवा मॅनेजर त्याची पोरं आणणार, तीन वर्षांनी पुढचा त्याची. काउंटीचा संघ आहे की प्रत्येक सुनेने नव्याने लावायची मांडणी?

रेबलराव

सविस्तर म्हणालात तेव्हाच ओळखलं होतं.

तुमचं सगळं मान्य धरू. मग एवढंच सांगा, फायनलला टिपररीचा गोलकीपर शेली समोर उभा असताना पेनल्टी कोणी घालवली? कॉनर लिहेन. वय? तिशीपार. आणि समोर टिपररीकडून १-१३ कोणी केले? डॅरा मॅकार्थी, एकोणीस वर्षांचा. त्याच वर्षी अंडर-२० जिंकून आलेला. त्यांच्या मॅनेजर लिअम कॅहिलने त्या पोराला कधी उतरवलं? मन्स्टरमध्ये आपल्याविरुद्ध चेंडू टाकायच्या आधीच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला होता तो, आणि किलकेनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात परत लाल. दुसरा कोणी असता तर फायनलला बाकावर बसवला असता. कॅहिलने बसवला नाही. याला म्हणतात निवड. २०२४ मध्ये टिपररी मन्स्टरमधून बाहेर पडताना एक सामना जिंकली नव्हती, हे विसरू नका.

आपण २००५ नंतर एक ऑल-आयर्लंड कप जिंकलेला नाही. वीस वर्षं. २००६, २०१३, २०२१, २०२४, २०२५, पाच फायनल हरलो. आणि तुम्ही मला सोनं दाखवताय.

लिमरिकचं_लिंबू

मी फक्त चहा घेऊन बसलोय. चालू द्या.

(लिमरिकचा मॅनेजर म्हणून काइलीने २०१८ ला ऑल-आयर्लंडचा पंचेचाळीस वर्षांचा दुष्काळ संपवला तो २०१५ आणि २०१७ च्या अंडर-२१ विजेत्या पोरांवर. त्यानंतर चार अजून. असो, तुमच्या घरातला वाद आहे.)

बॅलिनकॉलिगकर

लिंबूभाऊ, जूनमधल्या त्या पेनल्टीच्या रात्री कुठे होता तुम्ही? चहा घेऊनच का?

गार्गी_डग्लस

मी इतकी वर्षं नुसती वाचते, आज लिहिते. तुम्ही सगळे 'काढा', 'नारळ द्या' असं लिहिता जणू बटाट्याची चाळण आहे. ही माणसं हौशी आहेत. पगार शून्य, गाडीच्या मैलांचा भत्ता. आमच्या शेजारचा मुलगा दोन हिवाळे काउंटीच्या सरावाला जायचा. शाळेत शिकवून आला की सहाला निघायचा, रात्री साडेदहाला गाडीचे दिवे दिसायचे. त्याच्या आईने एकदा मला विचारलं होतं की तुमच्याकडे गुडघ्याला काय लावतात. मी तिला तिळाचं तेल दिलं. पुढच्या हंगामाला त्याला फोन आला, दीड मिनिटाचा. 'धन्यवाद, यंदा नाही.' बस. त्या रात्री तो मागच्या भिंतीवर एकटाच चेंडू मारत बसला होता, ठक्, ठक्, बारा वाजेपर्यंत. आमचा धाकटा झोपला नाही, पण मी तक्रार करायला गेले नाही.

काढू नका असं मी म्हणत नाही. पण बोलताना जरा भान ठेवा.

रेबलराव

ताई, वाईट वाटलं. पण तिळाच्या तेलावर कप येत नाही.

गार्गी_डग्लस

तुमच्या अंगठ्यांवरही आला नाही अजून.

सन_डेज_वेल_काका

मी इथे २००६ पासून आहे, म्हणून जुनं काही सांगतो. 'नवा मॅनेजर, नवा संघ' हा प्रयोग या काउंटीने करून पाहिलाय. २००८ च्या शेवटी काउंटी बोर्डाने मॅनेजर म्हणून जेराल्ड मॅकार्थीला परत नेमलं आणि २००८ च्या पॅनलने खेळायलाच नकार दिला. त्याने मग नव्या पोरांचा संघ उभा केला आणि २००९ ची लीग सुरू केली. तुम्हाला हवी तशी पाटी कोरी! त्या पोरांची काही चूक नव्हती, पण त्यांच्या अंगावरचा लाल जर्सी बघून लोक मान फिरवत. फेब्रुवारीत हजारो माणसं जुन्या खेळाडूंच्या बाजूने शहरात मोर्चाने निघाली. मीही गेलो, म्हणजे बाजारात निघालो होतो, अडकलो. माझा कारखान्यातला फोरमन एका बाजूला आणि त्याचा सख्खा भाऊ दुसऱ्या. ते दोघं कित्येक महिने एका टेबलावर जेवले नाहीत. मार्चमध्ये मॅकार्थी गेला.

खुद्द बेन ओ'कॉनर त्या पिढीतला. २००४ चा कप कप्तान म्हणून त्यानेच उचलला. ड्रेसिंगरूम रिकामी झाली की काय होतं हे त्याला कोणी शिकवायला नको.

रेबलराव

काका, तो संप होता, निवड नव्हती. दोन्हींची भेळ करू नका. निवडीचंच उदाहरण हवं तर किलकेनी घ्या. २००३ मध्ये चार्ली कार्टर कप्तान, कारण त्याचा क्लब काउंटी विजेता. मॅनेजर कोडीने त्याला पंधराच्या संघात घेतलं नाही, तो हंगामाच्या मध्येच पॅनल सोडून गेला. कप्तान! मोर्चा निघाला का? त्याच्याच क्लबचा डीजे केरी कप्तान झाला आणि सप्टेंबरमध्ये कप उचलला. कोडीने एकूण अकरा नेले. आम्ही मोर्चे नेले.

सन_डेज_वेल_काका

हे मात्र खरं बोललात. अधूनमधून होतं तुमचं असं.

दादरकर

मला हर्लिंग ओ की ठो कळत नाही, मेहुणा लिमरिकला आहे म्हणून इथे येतो. पण एक आवडलं. ज्या गावचा क्लब त्याच काउंटीकडून खेळायचं. हरला तरी तिथेच, म्हातारा झाला तरी तिथेच. आमच्याकडे बघा, पृथ्वी शॉला मुंबईने फिटनेसवरून बाहेर काढलं तर गडी महाराष्ट्राकडे गेला. यशस्वी गोव्याला निघाला होता, वळून आला. आणि नागपूरकरांचं तर विचारूच नका, त्यांचा अर्धा कप भाड्याचा.

वऱ्हाडी_ठेचा

आला! मी वाटच पाहून राह्यलो होतो.

काहून भाऊ, पोटात दुखते का? २०२५ च्या रणजी सेमीफायनलमध्ये नागपूरच्या जामठ्याला ८० धावांनी कोण हरलं? हर्ष दुबे भाड्याचा आहे का? ६९ विकेट्स एका मोसमात, रणजीच्या इतिहासात कोणी घेतल्या नव्हत्या. यश राठोड ९६० धावा, दानिश मालेवार फायनलमध्ये १५३. सगळे इथलेच पोरं.

दादरकर

करुण नायर कुठला मग, काटोलचा? आणि त्याआधी पंडित कोच मुंबईचा, जाफर मुंबईचा. दोन कप आमच्या माणसांनी तुम्हाला मिळवून दिले, निदान आभार तरी माना.

वऱ्हाडी_ठेचा

तुमच्या माणसांना तुम्ही ठेवलं असतं तर ते आमच्याकडे आले असते का बाप्पा? जाफरने २०१८-१९ ला १०३७ धावा केल्या, चाळिशीत. मुंबईला तो म्हातारा वाटला होता. आम्ही वय विचारलं नाही, बॅट विचारली.

बॅलिनकॉलिगकर

ठेचाभाऊ, धागा कुठे नेलात माहीत नाही, पण तुमचं हे शेवटचं वाक्य माझ्या बाजूचं आहे. रेबलराव, वाचलंत? चाळिशीत १०३७.

रेबलराव

क्रिकेटमध्ये स्लिपला उभं राहून चाळिशी निघते. हर्लिंगमध्ये सत्तर मिनिटं धावायचं असतं, खांद्याला खांदा आपटत.

दादरकर

स्लिपला उभं राहून?! जाफर ओपनर होता साहेब. नवा चेंडू, हिवाळ्यातली सकाळ. कधी उभे राहिलात का समोर? मी कांगा लीग खेळलोय, पावसात, ओल्या विकेटवर. गुडघाभर गवतातून चेंडू शोधत. तुम्ही लोक परदेशात जाऊन काठ्यांचे खेळ बघता आणि क्रिकेटवर बोलता.

रेबलराव

मेहुण्याच्या जिवावर हर्लिंगच्या धाग्यावर येऊन काठ्यांचे खेळ म्हणायचं? ती काठी अ‍ॅशच्या लाकडाची असते आणि तोंडासमोरून जाते. २०१० पर्यंत मोठी माणसं हेल्मेटशिवाय खेळत होती. तुमच्या कांगा लीगमध्ये निदान पॅड होते.

पेठी_पुणेकर

वाद छान चालला आहे, पण महाराष्ट्राचं नाव कोणीच घेत नाही याची नोंद करतो. १९३९-४० आणि १९४०-४१, देवधरांच्या कप्तानपदाखाली सलग दोन. तुमचा कॉर्क वीस वर्षं रडतो आहे. आम्ही पंच्याऐंशी वर्षांत आवाज केलेला नाही.

माझ्या भाच्याचा किस्सा मात्र सांगतो, कारण निवड म्हटलं की माझं रक्त उसळतं. अंडर-१४ ची चाचणी, साडेतीनशे मुलं, प्रत्येकाला सहा चेंडू. सहा! त्यातले दोन नेटमधल्या गोलंदाजाने वाइड टाकले. घरी येऊन पोरगा म्हणाला, 'मामा, मला चारच चेंडू आले.' आज तो सीए करतो आहे. चांगलाच करतो आहे, पण तो मुद्दा नाही.

गार्गी_डग्लस

यासाठीच मला इथलं आवडतं. आमचा धाकटा अंडर-१० ला क्लबमध्ये जातो, तिथे सगळ्यांना खेळवतात आणि स्कोअर लिहीतच नाहीत. अर्थात मुलांना तोंडपाठ असतो.

रेबलराव

आणि म्हणूनच मोठे झाले की फायनलमध्ये दोन पॉइंट करतात.

सन_डेज_वेल_काका

हे नको होतं रेबलराव. लहान मुलांवर नको.

रेबलराव

बरं, मागे घेतो. डोकं फिरलं होतं.

आणि एक खरं सांगतो, सगळ्यांसमोर. आपला फॉरवर्ड होर्गन निवृत्त झाल्याची बातमी आली तेव्हा मी ऑफिसात होतो. २०१३ च्या पहिल्या फायनलला दुखापतीच्या भरपाईच्या वेळेत त्याने पॉइंट मारला तेव्हा मी पबमध्ये टेबलावर चढलो होतो. मग क्लेअरच्या त्या कॉर्नर बॅकने बरोबरी केली आणि मी टेबलावर तसाच उभा, उतरायचं कसं कळेना. निवृत्त झाला तेव्हा चॅम्पियनशिपच्या इतिहासात सगळ्यात जास्त स्कोअर करणारा माणूस, एक ऑल-आयर्लंड पदक नाही. त्याला नारळ द्या असं मी कधीच म्हणालो नव्हतो, जुने धागे काढून बघा.

बॅलिनकॉलिगकर

काढले. १४ ऑगस्टला तुम्हीच म्हणाला होतात. 'होगी आता बस', तीन उद्गारचिन्हांसह.

रेबलराव

…तीन होती का.

ठीक आहे. फॉरवर्ड हार्नेडी ठेवा. पस्तिशीचा असला तरी ठेवा, बाकावरून शेवटची वीस मिनिटं. पण फॉरवर्डमध्ये निदान दोन नवी पोरं जानेवारीत दिसली पाहिजेत, आणि लीगच्या पहिल्या पराभवानंतर परत बाकावर जाता कामा नयेत.

बॅलिनकॉलिगकर

हे मी काल म्हणालो असतो तर तुम्ही मला म्हातारा समर्थक म्हणाला असता. दोन पोरं मान्य. तीन नाही.

लिमरिकचं_लिंबू

चहा संपला. दोन्ही बाजूंना शुभेच्छा, चॅम्पियनशिपमध्ये भेटूच.

दादरकर

एक राहिलं. ठेचा, फायनल ड्रॉ करून पहिल्या डावाच्या आघाडीवर घेतलेल्या कपाला आम्ही दादरला कप म्हणत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

काय म्हणता मग, बेचाळीस वेळा नेलेली घागर? आघाडी केरळविरुद्ध ३७ ची होती भाऊ, मोजून घे.